तात्पुरता साडू

माझ्या साडूइतका चिवटपणे तात्पुरता राहिलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. इथे सगळेच तात्पुरते म्हणून येतात, एखाददोन वर्षं तात्पुरते राहतातही, आणि मग स्वतःच्याही नकळत कायमचे होऊन बसतात. आधी सोफा येतो, सोफ्यामागून गालिचा येतो, गालिच्यामागून कुत्रा येतो. माझ्या साडूने मात्र टेक्सासमधल्या अर्विंगला पाऊल टाकलं त्या दिवशी जे तात्पुरतेपणाचं व्रत घेतलं ते वर्षानुवर्षं मोडू दिलं नाही. नवी गाडी घेतली? ‘सध्या तात्पुरती.’ मुलीला पोहायच्या क्लासला घातलं? ‘सध्या तात्पुरतं, नाकात पाणी न जाण्यापुरतं.’ मी एकदा चेष्टेने विचारलं, "आणि बायको?" तर तो अजिबात न हसता म्हणाला, "ते पर्मनंट आहे बे. ते पर्मनंट आहे म्हणून तर बाकीचं तात्पुरतं चालून राहिलं."

साडू या नात्याला आपल्याकडे तसा काही भाव नाही. जावई म्हटलं की पाटाभोवती रांगोळी येते, मेव्हणा म्हटलं की थट्टामस्करी येते, आणि साडू म्हटलं की एकाच सासुरवाडीच्या कोचावर पेपरची पानं वाटून घेऊन बसलेले दोन अनोळखी पुरुष डोळ्यांपुढे येतात. हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो नागपूरचा, मी पुण्याचा, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहण्यात घालवली. तो मला अजूनही ‘पुणेकर’ अशीच हाक मारतो, आणि ती अशा सुरात, की समोरच्याला वाटावं मला काहीतरी जुनाट दुखणं आहे. पण परदेशात नात्याचं माणूस म्हणजे चैन असते. मी व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला, तो तिकडे दूर अर्विंगला, आणि तरी दर सणाला कोणीतरी विमानाने कोणाकडे तरी जातंच, असं आमचं आता होऊन बसलं होतं.

त्याचं अपार्टमेंट म्हणजे सामान कालच उतरवलंय आणि उद्या परत चढवायचंय अशा बेताने मांडलेलं घर. टीव्ही, मायक्रोवेव्ह, मिक्सर, जे जे घरात आलं त्याचं खोकं थर्माकोलसकट जपलेलं. ‘जाताना लागते ना यार.’ खोक्यांनी कपाटं भरून गेली म्हणून कपडे बॅगांमध्ये, आणि बॅगा पलंगाखाली. एकदा माझ्या बायकोने टॉवेल शोधायला कपाट उघडलं तर एका ट्रेडमिलच्या रिकाम्या खोक्याने तिच्यावर झडप घातली. ट्रेडमिल विकून जमाना झाला होता. खोकं ठेवलं होतं, कारण ‘खोकं चांगलं आहे.’ जेवणाचं टेबल घडीचं. दिवाळीला आम्ही गेलो असताना मी चकलीसाठी जरा जोर देऊन वाकलो, तर त्या टेबलाला वाटलं निघायची वेळ झाली. त्याने पाय दुमडले आणि चिवडा, चकल्या, शंकरपाळ्यांसह ते माझ्या मांडीवर येऊन विसावलं. भिंतीत एक खिळा नाही. भाड्याच्या भिंतीला भोक कशाला पाडायचं, म्हणून सगळ्या तसबिरी जमिनीवर, भिंतीला टेकून. त्यांच्या लग्नाचा फोटो पाहायचा तर पाहुण्याला कमरेत वाकावं लागायचं, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक माणूस त्या जोडप्याच्या पाया पडल्यासारखा दिसे. तुळशीच्या कुंडीला चाकं होती. मिठाची सगळ्यात लहान पुडी आणायची, कारण मोठी आणली आणि मधेच जायची वेळ आली तर?

आता या वेडाला कारण होतं, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. कायमचं राहायला मिळतं ते ग्रीन कार्डावर, आणि त्याची रांग असते. मी त्याच्या बराच आधी आलो, माझा नंबर लागून गेला. तो आला तोवर ती रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. त्याची नोकरी उत्तम, पण व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोड्या दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. दर महिन्याला सरकार कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज हातात घेतले ते जाहीर करतं. लोक संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहतात तसा हा ती तारीख पाहायचा. तारीख कधी आठवडाभर पुढे जाई, कधी तिथेच बसून राही, आणि कधी चक्क मागे जाई. तारीख मागे गेली की माझा साडू फोन करून म्हणायचा, "पुणेकर, आज मी आणखी तरुण झालो." घरात पर्मनंट अशी एकच व्यक्ती, ती म्हणजे त्याची मुलगी. तिचा जन्म इथला, म्हणून ती जन्मापासूनच इथली नागरिक. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. बाप फारच चिंतेत दिसला की ती त्याच्या पाठीवर थोपटून म्हणायची, "बाबा, डोंट वरी, यू कॅन स्टे विथ मी."

या सगळ्यात गप्प असायची ती ताई, म्हणजे माझी मेव्हणी. तिने कधी भांडण केलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. फक्त दर रविवारी दुपारी ती विकायला काढलेली घरं बघायला जायची. इथे त्याला ओपन हाउस म्हणतात. दार उघडं असतं, कोणीही आत जावं, बघावं, दोन बिस्किटं खावीत आणि निघावं. ताई दारात चपला काढायची. एजंट म्हणायचे, अहो राहू द्या, राहू द्या. ही अनवाणी आत जाणार, स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बंद करणार, ओट्यावरून हात फिरवणार, खिडकीशी उभी राहणार आणि ‘थँक यू’ म्हणून बाहेर येणार. परिसरातले सगळे एजंट तिला ओळखत होते आणि तिने घर घेण्याची आशा सगळ्यांनी सोडली होती. तो तोवर गाडीत. इंजिन चालू, एसी चालू. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो तेव्हा म्हटलं, अरे निदान आत तरी ये. तर स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "आत गेलो तर आवडेल ना बे." त्या दिवसापासून मी त्याची खोक्यांवरून चेष्टा करायचं बरंच कमी केलं.

आणि त्या वर्षी एक घर ताईला खरंच आवडलं. विटांचं, बैठं, पुढे छोटंसं अंगण. घराची मालकीण एकटी म्हातारी बाई, लेकीकडे राहायला निघालेली, तिला काही घाई नव्हती आणि तिला ताईचं ते चपला काढणं फार आवडलेलं. ‘तुम्ही सुट्टीवरून परत या आणि मला हो की नाही ते सांगा,’ असं ती म्हणाली. ताईने नवऱ्याला सांगितलं, तेही एकदाच सांगितलं: "मी आता परत कुठलं घर बघायला जाणार नाही. हे घेऊ, नाहीतर विषय बंद." हे मला माझ्या बायकोने विमानतळावर कानात सांगितलं, कारण नेमके त्याच आठवड्यात आम्ही दोन्ही कुटुंबं हवाईच्या मोठ्या बेटावर निघालो होतो.

तात्पुरत्या माणसाचा एक गुण असतो, तो फिरतो फार. ‘इथून जायच्या आधी बघून घेऊ’ या एका वाक्यावर माझ्या साडूने आम्हाला निम्मी अमेरिका दाखवली. त्यातही त्याचा ओढा छोट्या गावांकडे. मोठी शहरं काय, पुढेमागे ऑफिसच्या कामाने दिसतील. पण जेमतेम एक पोस्ट आणि एक पेट्रोलपंप असलेल्या गावात परत कोण येणार, असा त्याचा हिशेब. गावात शिरलं की गाडी थांबवायची, जो पहिला म्हातारा माणूस दिसेल त्याला गाठायचं आणि आपल्या आगगाडीतला सनातन प्रश्न इंग्रजीत विचारायचा: "मूळचे कुठले?" अमेरिकेत सावळ्या माणसाला हा प्रश्न दिवसातून दोनदा विचारला जातो, तो स्वतःहून विचारणारा मी दुसरा पाहिला नाही. न्यू मेक्सिकोत एकदा वेगात चालवतो म्हणून पोलिसाने गाडी अडवली, लायसन मागितलं. ते देता देता याने विचारलं, "ऑफिसर, मूळचे कुठले?" मी मागच्या सीटवर डोळे मिटून घेतले. तो धिप्पाड पोलीस आधी लालबुंद झाला, मग खिडकीला टेकला आणि आपली पणजी पोलंडमधून कशी आली, ती कोबीचं काय काय करायची, हे सांगत राहिला. शेवटी दंड न करता, सावकाश जा म्हणून त्याने आम्हाला सोडून दिलं.

तर असा हा माणूस त्या बेटावर उतरला. हिलोच्या विमानतळावरून बाहेर पडलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवं इतकं दाटलं होतं, की डांबराला आपली जागा मागून घ्यावी लागत असेल. पहिले दोन दिवस आम्ही गावंच पाहिली. होनोमू, लाकडी दुकानांची एक ओळ आणि तिच्या मागे लगेच डोंगर. हावी, तेवढंच छोटं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. ‘हावी म्हणजे हवी असलेलं गाव’, असं माझ्या साडूने जाहीर करून टाकलं. पाहोआमध्ये लाकडी फळ्यांच्या फुटपाथवर माणसं अनवाणी फिरत होती आणि इवलेसे बेडूक झाडाझाडांतून शिट्ट्या घालत होते. तिथे मोठ्या माणसांना सगळे ‘आंटी’ नि ‘अंकल’ म्हणतात, ओळख असो नसो. बँकेतली बाई आंटी, बसचा ड्रायव्हर अंकल. ताईला त्याचं भारी कौतुक वाटलं. "म्हणजे इथे पण काकू-मावशीच की," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. घराचा विषय ती काढत नव्हती. तोही काढत नव्हता. विषय गाडीत मधल्या सीटवर पाहुण्यासारखा बसून होता.

मग हिरवं संपलं. बेटाच्या आग्नेय टोकाकडे एका वळणानंतर ते असं संपलं की साडूने गाडी थांबवली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. समोर नजर पोचेल तिथवर काळं. डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत काळाच दगड, पसरलेला, वळलेला, सुरकुतलेला, कुठे तव्यावरचं घावनाचं पीठ ओघळून जागीच थिजावं तसा, कुठे नांगरलेल्या ढेकळांसारखा उभा आडवा फुटलेला. त्या फुटक्या लाव्हाचं तिकडच्या भाषेतलं नाव ‘आ आ’. हे नाव ज्याने ठेवलं तो त्यावरून अनवाणी चालला असणार यात शंका नाही. मी सह्याद्रीतला माणूस. काळा दगड मला नवा नाही. सिंहगडावर मी तो पायाखाली घालून लहानाचा मोठा झालो. पण आपला दगड म्हातारा, पावसाने झिजलेला, गवत ल्यालेला. इथे तोच दगड तान्हा होता. त्याच्यावर अजून चकाकी होती, भेगांमधून उन्हाची धग वर येत होती, आणि आपण काहीतरी नुकतंच घडलेलं, बघायला आपल्याला परवानगी नसलेलं बघतोय असं वाटत होतं. साडू खाली बसला, तळहात दगडावर ठेवून राहिला. मला वाटलं देवधर्माचं काही पुटपुटतोय. तो म्हणाला, "पुणेकर, ही जमीन केवढी असेल सांग. आमची ग्रीन कार्डाची फाईल हिच्यापेक्षा जुनी आहे." हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. या जागी काही वर्षांपूर्वी जमीनच नव्हती, म्हणजे होती ती निराळी होती, आणि याचा अर्ज तेव्हाही रांगेत उभा होता.

पिवळ्या पट्ट्याचा डांबरी रस्ता सरळ जाऊन त्या काळ्या भिंतीखाली शिरत होता. तिथून पुढे लोकांनी लाव्हावरच खडी टाकून वाट केली होती. आणि त्या वाटेवर, जिथे गवताचं पातंही उगवू नये अशा जागी, घरं होती. एकेकटी, पत्र्याच्या छपरांची, पावसाचं पाणी साठवायच्या मोठमोठ्या टाक्या असलेली. वाटेच्या तोंडाशी एका टेबलावर पपया आणि शहाळी मांडून एक बाई बसली होती. साठी ओलांडलेली, रुंद, पायात रबरी चपला, केसांत लाल फूल खोचलेलं. आंटीच, दुसरं काय. आम्ही शहाळी घेतली आणि मला माहीत होतं तेच झालं. माझ्या साडूने स्ट्रॉ तोंडातून काढली आणि विचारलं, "आंटी, मूळच्या कुठल्या?"

"मूळची इथलीच," आंटी म्हणाली, आणि चपलेच्या टाचेने दगडावर दोनदा टकटक केलं. "म्हणजे खाली. घर खाली आहे. माझं स्वयंपाकघर साधारण तुझ्या गाडीच्या खाली येईल."

माझा साडू ताडकन उठला. "सॉरी, सॉरी, आंटी!" करत तो धावला, गाडीत बसला, आणि ती मागे घेऊन पलीकडे नेऊन लावली. आंटी बघत होती. तो धापा टाकत परत आला तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "आता माझ्या आईच्या खोलीवर लावलीस." तो पुन्हा वळला. यावेळी मात्र आंटी अशी हसली की टेबलावरच्या पपया हलायला लागल्या, आणि तिने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. "बस रे बाळा. ती लावू दे तिथेच. तिला पाहुणे आवडायचे."

मी वळून पाहिलं तर ताईने चपला काढल्या होत्या. तापलेल्या दगडावर ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी होती, पण चपला तिने काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या. घर आहे म्हटल्यावर चपला घालून कसं उभं राहायचं? आंटीचं हसू थांबलं. तिने ताईच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि आपली टोपली बाजूला सारून सावलीत तिला जागा केली. मग लाव्हा कसा आला ते तिने सांगितलं. एकदम धावून नाही आला म्हणे. दिवसेंदिवस, गोगलगाईच्या पावलांनी, काचा फुटल्यासारखा आवाज करत आला. तिने घर झाडून पुसून घेतलं, अंथरुणं घातली, दारात फुलं ठेवली आणि ती निघाली. पेले म्हणजे तिकडची ज्वालामुखीची देवी. ती घरी येणार तर घर स्वच्छ नको? हे ती इतक्या सहज सांगत होती, जसं आपल्याकडे कोणी गौरींच्या तयारीबद्दल सांगावं. मला त्या बाईची भीतीच वाटली थोडी, आदराने वाटते तशी.

ताईने विचारलं, "मग पुन्हा बांधायच्या आधी किती थांबलात?"

"थांबायचं कशाला?" आंटी म्हणाली. "जमीन अजून गरम होती तेव्हाच परत आलो. पाऊस पडला की जमिनीखालून वाफ यायची, घरात बसून घाम यायचा."

"पण आंटी," माझा साडू म्हणाला, आणि त्याचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही, "तो पुन्हा आला तर?"

"कोण?"

"लाव्हा."

"येईल की. जमीन तिची आहे. तिला हवी होईल तेव्हा ती घेईल." आंटीने एक पपई उचलून हाताने चाचपली, पिकली आहे का बघितली, आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "पण ती येईपर्यंत मी इथली आहे ना?"

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवत होता आणि बोलत नव्हता. नागपूरचा माणूस गाडी चालवताना बोलत नाही म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. ताई खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर काळ्या दगडाच्या भेगांमधून कुठे कुठे नेच्याची एखादी पोपटी शेंडी वर आली होती, आणि मधूनच एखादं हडकुळं झाड, त्यावर आंटीच्या केसांतलं तेच लाल फूल, रेशमाच्या गोंड्यासारखं. माती नाही, आडोसा नाही, आणि फुललंय.

संध्याकाळी आम्ही ज्वालामुखीच्या तोंडाशी गेलो. त्या विवराचं नाव हालेमाऊमाऊ. "बाबा, इट हॅज टू कॅट्स इन इट!" असं माझ्या भाचीने ओरडून सांगितलं, आणि मराठीतून केलेला हा तिचा पहिला विनोद आहे हे तिच्या बापाच्याही लक्षात आलं नाही. कठड्याशी बरीच माणसं होती, पण गर्दीचा आवाज नव्हता. ऊन कमी झालं तशी खालची राखाडी वाफ आधी गुलाबी झाली, मग तांबडी झाली, आणि दिवस मावळला तेव्हा दिसलं की दूर खाली तळं आहे, आणि ते तळं पाण्याचं नाही. काळ्या सायीला तडे जात होते आणि तड्यांतून लालभडक रस सरकत होता. साय एका कडेने आत ओढली जायची, दुसऱ्या कडेने नवी यायची. पृथ्वी काम करत होती. इतकी वर्षं मी जिच्यावर घर, गाडी, गवत कापायचं यंत्र आणि कर्जाचे हप्ते घेऊन निर्धास्त बसलो होतो, ती अजून पुरती झालेलीच नाही, हे मला कोणी असं समोर उभं करून दाखवलं नव्हतं. गंधकाचा वास नाकात होता, गार वारा पाठीवर होता आणि तोंडावर त्या उजेडाची नुसती कल्पनेचीच ऊब होती. कोणीतरी हलक्या आवाजात तिकडच्या भाषेत काही म्हणत होतं. माझ्या बायकोने माझा हात धरला.

पलीकडे साडू आणि ताई शेजारी शेजारी उभे होते. त्याच्या चष्म्यात ते तळं दोनदा दिसत होतं. बऱ्याच वेळाने तो, खाली बघतच, म्हणाला, "त्या घराच्या अंगणात सकाळचं ऊन येते का ग?"

ताईने कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, "येतं. दहापर्यंत येतं."

"मग झाडबिड लावता येते," तो म्हणाला. एवढंच. मला रडू आलं, आणि मी ते गंधकावर ढकललं.

त्यानंतरचा माझा साडू तुम्ही पाहायला हवा होता. घर घेतलं, आणि तात्पुरतेपणात तो जेवढा टोकाचा होता तेवढाच कायमपणात टोकाचा झाला. बैठकीच्या खोलीत त्याने सागवानी झोपाळा टांगला, पितळी कड्यांचा, नागपूरहून जहाजाने मागवलेला. तो टांगायला तीन सुतार आले आणि तिघांनी छताकडे बघून मान हलवली. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून त्यावर बसवायचा. गल्लीतल्या कुत्र्यांची नावं त्याला पाठ झाली. ताईने पुढच्या अंगणात डाळिंब लावलं, आणि सकाळी दहापर्यंत, ऊन असे तोवर, दोघं चहाचे कप घेऊन त्या हातभर काडीकडे बघत उभे राहायचे. मी फोन केला की म्हणायचा, "थांब, आम्ही बागेत आहोत."

दोन उन्हाळे. मग त्याच्या कंपनीने एका सकाळी बरीच माणसं काढली, त्यात तोही होता. त्याने जंग जंग पछाडलं, पण दिलेल्या दिवसांत दुसरी नोकरी काही जुळली नाही. तारीख त्या महिन्यातही तिथेच बसून होती. घर विकलं, आणि तिघं नागपूरला गेले. विमानतळावर ताई एकदाही रडली नाही, भाची मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "इट्स नॉट फेअर, आय लिव्ह हिअर."

परवा कामासाठी डॅलसला जाणं झालं. मीटिंग लवकर आटोपली म्हणून गाडी शेजारच्या अर्विंगकडे वळवली. त्यांच्या घरासमोर थांबलो, दाराचा रंग आता निळा आहे, अंगणात कोणाची तरी छोटी सायकल आडवी पडलेली. डाळिंब माझ्या खांद्याच्या वर गेलंय. तिथूनच साडूला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असावी, पण त्याने लगेच उचलला. कुठे आहे ते सांगितलं. मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं बहुधा, की घर गेल्याचं वाईट वाटतं का रे अजून.

"वाटते ना बे," तो म्हणाला. "खूप वाटते. पण पुणेकर, आधीच्या एवढ्या अपार्टमेंटांचं कधी वाटलं होतं का? ते घर होतं म्हणून वाटते." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "फुलं आली का त्याला?"

आली आहेत, म्हणालो. खूप आली आहेत, खालच्या फांदीवर दोन फळंही धरलीत. त्याने फोन बाजूला केला असावा. "अगं ऊठ, फळ धरलं!" असं तो तिकडे ताईला ओरडून सांगत होता, आणि मी फोन कानाशी धरून तसाच ऐकत राहिलो.